लाल शाईचा अर्ज

“कुणाची? सत्ता कुणाची?” सबनीस मास्तर ओरडत होते, आणि प्रत्येक ‘कुणाची’ला टेबलावर असा हात आपटत होते की दौतीतली शाई उडून पहिल्या बाकावरच्या पोरांच्या टोप्यांवर ठिपके पडत होते. “अरे, बोला! राणी सिंहासनावर बसली आहे. डोक्यावर मुकुट आहे, दाराशी भालदार आहे. आणि राणीला डोळ्यांनी दिसत नाही. आलेलं प्रत्येक पत्र तिचा कारकून तिला वाचून दाखवतो. मग सत्ता कुणाची?” आम्ही इंग्रजी सहावीची पोरं माना खाली घालून बसलो होतो. राणीची म्हणावं तर मास्तरांचा मार, नाही म्हणावं तर राजद्रोह. भिंतीवर बादशहाची तसबीर होती आणि ती आमच्याकडेच बघत होती. शेवटी मी उठलो. “सर, भालदाराची. भाला त्याच्या हातात हाय.” वर्ग खिदळला. मास्तर हसले नाहीत. माझ्याकडे बोट रोखून म्हणाले, “चूक. पण मूर्खाची चूक नाही. बस खाली.” त्या दिवसापासून मी स्वतःला वर्गातला पहिला विद्वान समजू लागलो.

सबनीस मास्तरांची अंगकाठी म्हणाल तर छत्रीची काडी. कोट काढून ते खुंटीशेजारी उभे राहिले तर कोट पुन्हा कशावर चढवायचा असा प्रश्न पडावा. पण आवाज! त्यांच्या ‘सायलेन्स’ने बारामतीच्या स्टेशनातली गाडी दोनदा वेळेआधी सुटली, असं मी गावी सांगत असे, आणि गावातली माणसं मान डोलवत, कारण सहा कोस चालत जाऊन मास्तरांचा आवाज पडताळून कोण बघणार? ते चळवळीत तुरुंगात जाऊन आले होते अशीही एक आवई होती. ती मीच उठवली होती. महिन्याभराने ती फिरून माझ्या कानावर आली तेव्हा तिच्यात बेड्या आणि अकरा दिवसांचा उपास अशी भर पडलेली होती, आणि मग माझाही तिच्यावर विश्वास बसला. त्या वर्षी मास्तरांच्या डोक्यात एकच भूत शिरलं होतं. धडा कुठलाही असो, शब्दार्थ संपले की पुस्तक पालथं घालून ते विचारायचे, इथे सत्ता कुणाची? जहाजाच्या धड्यात कप्तानाची, की पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशी बसलेल्या खलाशाची? न्यायाधीशाच्या धड्यात न्यायाधीशाची, की कोठडीची किल्ली सांभाळणाऱ्याची? क्रियापदं चालवून दाखवा म्हणणारे मास्तर आम्ही खूप पाहिले होते. राजाला जरा खुर्चीवरून उठवा आणि खाली कोण दडलंय ते बघा म्हणणारे हे पहिलेच.

बारामतीत मी आत्याकडे राहत असे. आत्या विधवा, लोकांची दळणं दळून पोट भरणारी. पहाटे जातं सुरू झालं की मी उठायचो आणि त्या घरघरीवर इंग्रजी शब्द पाठ करायचो. जात्याच्या एका फेऱ्याला एक स्पेलिंग. लांब शब्द आला की आत्या म्हणायची, “ह्यो काय संपंना बाबा, पीठ लई बारीक झालं.” आजही एखादा अडलेला इंग्रजी शब्द आठवायचा तर मला आधी ती घरघर आठवावी लागते, मग ज्वारीच्या ताज्या पिठाचा वास येतो आणि त्यामागून शब्द येतो. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि आत्याचा ठेचा. तो ठेचा चाटलेली एक मुंगी सरळ हौदाकडे पळत जाऊन आत उडी टाकताना मी या डोळ्यांनी पाहिली आहे. आता तिथल्या माळावर कारखाने झालेत, सकाळी मोटारसायकलींची रांग लागते आणि तिच्यात माझा नातूही असतो. मी त्याला म्हटलं, अरे, मी जात्यावर इंग्रजी शिकलो. तो म्हणाला, “आजोबा, सकाळची गोळी घेतलीत ना?”

आमचं गाव इंदापूरच्या अंगाला, अगदी कालव्याच्या काठी. आमच्या बांधावर उभं राहून थुंकलं तर कालव्यात पडावं. पण पाणी थुंकीच्या अंतरावर असणं वेगळं आणि ते आपल्या रानात येणं वेगळं. मध्ये एक लोखंडी दार होतं, दाराला चाक होतं, चाकाची किल्ली गेनू पाटकऱ्याच्या कमरेला होती, आणि गेनूची मानगूट कालव्याच्या इन्स्पेक्टराच्या हातात होती. या इन्स्पेक्टराला आमच्याकडे पाणीसाहेब म्हणत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या माळवं करणारी माणसं. वांगी, मिरची, गवार, घेवडा करावा आणि बाजाराला न्यावा. चार वर्षांमागे माझ्या वडिलांच्या, आबांच्या, डोक्यात मोसंबी शिरली. कुठल्या तरी पाहुण्याच्या बागेत त्यांनी एक फोड खाल्ली आणि परत येताना वाटेत कुणाशी बोललेच नाहीत. एकेचाळीस रोपं आणून लावली. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, मोसंबीला ते विषासारखं, म्हणून सगळी मदार कालव्यावर. पहिल्या उन्हाळ्यात आईने कालव्यातून घागरी भरभरून एकेक रोप जगवलं. तिने मला जेवढं दूध पाजलं नसेल तेवढं पाणी त्या झाडांना पाजलं. मी हे तिला एकदा बोलून दाखवलं तर म्हणाली, “त्यांनी मला कवा थापा न्हाय मारल्या.”

त्या वर्षी झाडांनी पहिल्यांदा फळ धरलं होतं. पानाआड सुपारीएवढी हिरवी फळं. आबा संध्याकाळी बागेत जायचे आणि ती मोजायचे नाहीत, मोजलं की दृष्ट लागते; नुसते हात मागे बांधून हिंडायचे. पुढल्या साली मला मॅट्रिकला बसवायचं ते याच झाडांच्या जिवावर, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि नेमका त्याच दिवाळीत जुना इन्स्पेक्टर बदलून हा नवा आला. आमची पाण्याची पाळी पंधरवड्याला होती ती महिन्याला झाली. वरच्या अंगाला पाटलांचा ऊस उभा राहिला आणि संक्रांतीनंतर आमची पाळी आलीच नाही. आबा तीनदा पाणीसाहेबाच्या बंगल्यावर जाऊन आले. तिन्ही वेळा पाटी भरून माळवं नेलं, तिन्ही वेळा पाटी रिकामी परत आली आणि कालव्याचं पाणी रानात आणणारी आमची चारी कोरडीच राहिली.

इकडे शाळेत एका सकाळी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, ‘पॉवर इन माय व्हिलेज’. म्हणाले, “राजा नको, राणी नको, पुस्तक नको. जे डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच. खोटं लिहाल तर फाडीन.” आता मी पडलो थापाड्या. खरं सांगायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मी आधी लिहायला घेतलं की आमच्या गावात सत्ता एका वाघाची आहे आणि तो दर अमावास्येला चावडीवर येऊन बसतो. दोन ओळींत वाघाचं इंग्रजी संपलं. इंग्रजीत थाप मारायची तर शब्द हाताशी लागतात ढीगभर, ते माझ्याकडे नव्हते. जेवढे होते तेवढ्यांत फक्त खरंच बसत होतं. म्हणून मी लिहिलं की आमच्या गावात बादशहाचं राज्य आहे असं म्हणतात, पण बादशहाला कुणी वांगी देत नाही. कलेक्टरालाही देत नाही. वांगी इन्स्पेक्टराला देतात, म्हणून सत्ता इन्स्पेक्टराची. तो कधी ओरडत नाही. ओरडतात ते ज्यांना पाणी मिळत नाही ते. माझे वडील पायरीशी पाटी घेऊन उभे राहतात. तो पाटीला हात लावत नाही, नुसता तिच्याकडे बघतो आणि पाटी आत जाते. पाणी मात्र पाटलाच्या उसात जातं, कारण पाटलाची पाटी बैलगाडीएवढी असते. एवढंच. दीड पान.

मास्तरांनी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. खाली लाल शाईने त्यांनी दोन ओळी लिहिल्या, ‘व्हेरी ट्रू. द बेस्ट इन द क्लास’, आणि लफ्फेदार सही केली. “याला सत्ता कळली,” ते वर्गाला म्हणाले. मला काय कळलं होतं ते पुढच्या पंधरा दिवसांत दिसलं.

बाजाराच्या दिवशी आबा आले. गाडी सोडून, हातपाय धुऊन आत्याच्या उंबऱ्यावर भाकरी खायला बसले. मी वही त्यांच्यासमोर पडेल अशा बेताने ठेवली होती. आबांना अक्षर येत नव्हतं, पण रंग येत होता. भाकरीचा घास हातातच राहिला.

“हे तांबडं कुनी लिवलं?”

“मास्तरांनी. खाली सही हाय त्यांची.”

“मंजी शेरा मारलाय?”

आबांच्या जगात काळ्या शाईने लिहितो तो गरजवंत आणि तांबड्या शाईने लिहितो तो सरकार. कचेरीत त्यांचे सगळे कागद तांबड्या शाईपाशी जाऊन अडकलेले. ती कधी त्यांच्या बाजूने उमटलेली त्यांनी पाहिली नव्हती.

“शेऱ्यात काय म्हनलंय?”

“की ह्यो पोरगा लिहितो ते समदं खरं हाय.”

“आन् वर तू काय लिवलंयस?”

“आपल्या पाण्याचं.”

इथवर मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो. इथेच थांबलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण आबांचे डोळे मोठे झाले होते, आत्या जात्यावरून उठून दाराशी आली होती, आणि इतके लोक ऐकत असताना खऱ्यावर थांबणं मला जमलंच नाही. “आबा,” मी म्हणालो, “ह्यो कागद पुण्याच्या गोऱ्या सायबाम्होरं ठेवला तर तो खुर्चीतनं उठून उभा ऱ्हाईल. असलं इंग्रजी ह्या मुलखात कुनी लिवलेलं न्हाय. आपल्या पाणीसायबाचं तर हातपाय लटलटतील.”

आबांनी भाकरी खाली ठेवली, हात पुन्हा धुतले, धोतराला कोरडे केले आणि मग कागदाला बोट लावलं. “मला दे,” ते म्हणाले. “तुझ्या आयला दावतो.” मी वहीतून पानं सोडवून दिली. माझी छाती तेव्हा किती फुगली होती म्हणून सांगू, सदऱ्याचं एक बटण तुटून आत्याच्या पिठात पडलं.

पाडव्याला मी घरी गेलो. अंगणात गुढी उभी होती, चुलीवर पुरण शिजत होतं, वेलदोड्याचा वास कालव्यापर्यंत गेला होता. आणि गुढीच्या पायाशी, पाटावर, तांदळाच्या राशीवर माझा निबंध होता. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, वर कडुलिंबाचं पान आणि एक फूल. ‘तो कधी ओरडत नाही’ या ओळीवर कुंकवाचं बोट उमटलेलं मी पाहिलं. आई म्हणाली, “बाबा सोपाना, दिवा लाव त्येच्याम्होरं.” मी दिवा लावला. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला, कागद उपरण्यात गुंडाळला आणि म्हणाले, “चल. साडेतीन मुहूर्तातला दिस हाय. आज अर्ज दिला की मागं येत न्हाय.”

बंगला कालव्याच्या कडेने पाऊण कोस. डाव्या हाताला पाणी भरून वाहत होतं, आबा पुढे, डोक्यावर वांग्यांची पाटी, मी मागे. पाऊण कोसात माणसाला किती वेळा तोंड उघडता येतं? मी हजार वेळा उघडलं असेल. एकदा तर “आबा” असं म्हटलंसुद्धा. ते मागे वळून म्हणाले, “तान लागली व्हय? बंगल्यावर माठ हाय.” मला वाटत होतं, साहेब नसेल. असला तर वाचणार नाही. वाचलं तर त्याला माझं अक्षर लागणार नाही. थापाड्या माणसाला शेवटपर्यंत वाटत राहतं की काहीतरी सुचेल.

साहेब होता. पडवीत वेताच्या खुर्चीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. वाळ्याच्या तट्ट्यांवर एक गडी बादलीने पाणी मारत होता आणि ते पाणी पायऱ्यांवरून ओघळून मातीत मुरत होतं. आबांनी त्या ओघळावरून पाय उचलून टाकला, देवळातल्या तीर्थावर पाय पडू नये तसा. खांबाला टेकून गेनू पाटकरी उभा होता.

“काय रे रामा, पुन्हा आलास?”

“जी सायेब. आज अर्ज आनलाय. इंग्रजी.”

साहेबांनी कागद घेतला. अडकित्ता थांबला. मी त्यांचे डोळे बघत होतो; ओळीमागून ओळ खाली उतरत गेले, लाल शाईपाशी थांबले, आणि पुन्हा अगदी वर जाऊन सावकाश उतरले. मग त्यांनी पाटीकडे पाहिलं. पाटीत वांगी होती. मग आबांकडे. मग माझ्याकडे.

“बसा, रामभाऊ,” साहेब म्हणाले.

आमच्या घराण्यात सरकारने कुणाला ‘बसा’ म्हटल्याची ती पहिली वेळ. आबांनी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी रामभाऊ आलाय की काय. मग पायरीच्या कडेला अर्धं बूड टेकवून बसले.

“हा तुमचा मुलगा? छान. बाळ, यात काय लिहिलंय ते तुझ्या वडिलांना माहीत आहे?”

“होय सर.”

“मग वाचून दाखव. मराठीत, मोठ्याने. गेनूलाही ऐकू दे.”

मी कागद हातात घेतला. ती दीड पानं खरी होती, जन्मात लिहिलेली एकुलती एक खरी पानं, आणि समोर आबा बसले होते. मी वाचायला लागलो. “मेहेरबान कृपावंत साहेबांचे सेवेशी. साहेब आल्यापासून आमचा मुलूख सुखी आहे. साहेब काठाने चालू लागले की कालव्याचं पाणी आपण होऊन वीतभर वर चढतं. साहेबांच्या दारात गरीब आणि पाटील एका पायरीवर उभे राहतात. साहेबांनी कुणाच्या पाटीला हात लावला नाही. तरी या गरिबाच्या एकेचाळीस झाडांवर एकदा नजर टाकावी, ती नजर म्हणजेच पाणी.” एवढं सुंदर मी पुन्हा कधी बोललो नाही. गेनू पुटपुटला, “वा रं पठ्ठ्या.” आबांनी उपरण्याने डोळे पुसले.

साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, “दीड पान इंग्रजीतून इतकं निघतं, हे मला माहीत नव्हतं.” मग, “आणि ही लाल शाई?”

“मास्तरांची शिफारस, सर.”

“नाव?”

“सबनीस मास्तर.”

साहेबांनी सही पुन्हा बघितली. कागदाची चौघडी घातली. कुंकू बोटाला लागलं होतं ते रुमालाने टिपलं, आणि कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. “अर्ज उत्तम आहे, रामभाऊ. मी जपून ठेवतो. तुम्ही निश्चिंत जा.” पाटीकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही, तरी परत येताना आबांच्या डोक्यावर ती रिकामीच होती. आबा वाटभर बोलत होते. सायेब ‘बसा’ म्हणाला. सायेबानं कागद काळजापाशी ठेवला, बघितलंस? घरी आल्यावर त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या आणि मला स्वतःच्या ताटातला कटाचा वाटा दिला.

दुसऱ्या दिवसापासून आबा रोज सकाळी चारी साफ करू लागले. गवत उपटायचं, ढेकळं फोडायची, तळहाताने तळ सारखा करायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पोराचा अर्ज सायबाच्या खिशात हाय. गावातले तिघे जण माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले. मी शाई नाही म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी गेनू आला. आई कालव्यावर घागर भरत होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “वैनी, घागर भरू नगासा. हुकूम हाय.”

“कुनाचा?”

“वरनं.”

“अरं, चार वर्सं भरतीया मी.”

“व्हय, ठावं हाय मला. पर भरू नगासा.”

आईने भरलेली घागर त्याच्या देखत कालव्यात ओतली आणि रिकामी कडेवर घेऊन आली. आबा तिला समजावत होते, “नियमानं चाललंय गं आता. अर्जाचं काम आसतंय त्ये. आधी समदं बंद करत्यात, मग सोडत्यात.” संध्याकाळी बागेत बसलं की एका बाजूला पाणी भरून वाहताना ऐकू यायचं आणि दुसऱ्या बाजूला फळं गळताना. सुपारीएवढं फळ कडक भुईवर पडलं तर कितीसा आवाज होणार? पण मला तो घरात, भाकरी चावताना, सगळीकडे ऐकू यायचा.

मी बारामतीला परतलो तो थेट मास्तरांच्या खोलीवर गेलो. सगळं सांगितलं, न वाढवता. मास्तरांनी उठून आधी दार लावलं. ते कुजबुजत बोलू लागले तेव्हा मला वाटलं खोलीत तिसरंच कुणी आहे. “कालच तो कागद शाळेच्या कमिटीत फिरला,” ते म्हणाले. “तू माझं नाव सांगितलंस?”

“होय सर.”

मी म्हणालो, सर, एक खरा अर्ज लिहून द्या, कलेक्टरसाहेबांच्या नावे, तुमचं इंग्रजी बघून ते नक्की ऐकतील. मास्तरांनी कोरा कागद पुढे ओढला. टाक दौतीत बुडवला. धरून ठेवला. निबावरची शाई वाळली, त्यांनी पुन्हा बुडवला, पुन्हा वाळली. मग टाक आडवा ठेवून म्हणाले, “सोपान, मला अजून कायम केलेलं नाही. गावी माझी माणसं आहेत.” दुसऱ्या दिवशी वर्गात ते खुर्चीत बसून म्हणाले, “धडा अकरावा. शब्दार्थ उतरून घ्या.” त्या धड्यात एक सेनापती होता. सत्ता कुणाची हे त्यांनी विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. यथावकाश ते कायम झाले. त्यांच्यावर रागवायचं मी बऱ्याचदा मनावर घेतलं, पण त्यांचं नाव साहेबाच्या हाती मीच दिलं होतं.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलोय, आणि दर खेपेला शेवट वेगळा. एकीत कलेक्टर घोड्यावरून येतो आणि पाणीसाहेबाला बागेच्या बांधावर उठाबशा काढायला लावतो. एकीत आई कोयता घेऊन लोखंडी दारावर बसते. एकीत मीच चाक फिरवतो आणि पाणी असं सुटतं की पाटलांचा ऊस पंढरपुरापर्यंत वाहत जातो. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, हॉस्पिटलच्या खाटेवरसुद्धा सांगितली, आणि लोक हसले, टाळ्या वाजवल्या. आता ऐंशी उलटली आहे, ऐकणारे कमी झालेत. एकदा झालं तसं लिहून टाकतो.

पाणी आलं नाही. वैशाखात पानं आतल्या बाजूला वळली, मग पिवळी न होता हिरवीच वाळली. सुटीला मी घरी आलो तेव्हा आबांनी चारी साफ करायची सोडली होती. अर्जाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. पुढल्या वर्षाच्या शाळेचंही नाही. रोहिणी निघाली त्या सकाळी बागेतून घाव ऐकू आले. मी गेलो तर अर्धी रांग आडवी झाली होती. आबा धोतर खोचून, उघड्या अंगाने, एकेक झाड बुंध्याशी तोडत होते, आणि आई मागून फांद्या ओढून चुलीच्या मापाने मोडत होती. आई पुढच्या रांगेत गेली तेव्हा मी आबांच्या जवळ सरकलो.

“आबा,” मी म्हणालो. कुऱ्हाड थांबली नाही. “आबा, त्यो अर्ज नव्हता.”

त्यांनी आणखी एक घाव घातला. पातं लाकडात रुतलं. बुंध्याला पाय लावून त्यांनी ते हलवून काढलं.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “बाजूला हो, कुऱ्हाड लागंल.”